दुसऱ्या मालकाची भाषा

वापरलेली, विजेवर चालणारी मोटार विकत घेण्याविषयी साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी काही वाचावे असे आम्ही म्हणू लागलो, तर ते आम्हांस वेड्यात काढतील हे ठाऊक आहे. बॅटरीची तब्येत, चार्जिंगची केबल, बंपरचा रंग ह्या गोष्टी ज्याने बघायच्या त्याने बघाव्या. आपण वाक्यांचे लोक. पण हा व्यवहार आम्ही नुकताच केला, आणि त्यात लोखंडापेक्षा वाक्येच अधिक होती असे आमच्या ध्यानात आले. ती वाक्ये फार वाईट होती. त्यांची जबाबदारी जशी कंपन्यांवर आणि विक्रेत्यांवर आहे, तशीच ती आपल्या विद्याशाखेवरही आहे. हे शेवटचे विधान अनेकांस रुचणार नाही. ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गाडी घेण्याचे कारण घरगुती होते. आईला साताऱ्याहून पुण्यास दवाखान्यात वरचेवर न्यावे लागते. पेट्रोलचा खर्च झेपेनासा झाला, आणि नवी विजेवरची गाडी आमच्या पगारात बसत नव्हती. म्हणून पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या दालनात गेलो. गाडी तीन वर्षांची, दिसायला ठाकठीक. विक्रेता तरुण आणि अतिशय नम्र. तो म्हणाला, "सर, लेव्हल टू आहे. हायवेला लागलात की निवांत. गाडी आपली आपण चालते."

ह्या बोलण्यातले पहिले वाक्य खरे होते आणि शेवटचे धादांत खोटे. गंमत अशी की शेवटचे वाक्य पहिल्याचा अर्थ म्हणून सांगितले जात होते. ही प्रतवारी अमेरिकेतल्या एसएई ह्या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ साली प्रथम प्रसिद्ध केली. शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवरचे यंत्र स्टेअरिंग वळवणे आणि वेग सांभाळणे ह्या दोन्ही कामांत एकाच वेळी हातभार लावते. परंतु गाडी चालवणारा माणूसच असतो. नजर त्याची, जबाबदारीही त्याची. 'निवांत' ह्या शब्दाला तिथे जागाच नाही. पण ज्याने ती सहा पायऱ्यांची यादी पाहिलेली नाही त्याच्या कानांना 'लेव्हल टू' म्हणजे पास झालेली दुसरी परीक्षा वाटते. एकूण परीक्षा किती, हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारले नाही.

ही शब्दांची चलाखी आपल्याकडे जन्मलेली नाही. टेस्ला कंपनीने आपल्या साहाय्यक यंत्रणांना 'ऑटोपायलट' आणि 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग' अशी नावे दिली, तेव्हा नाव एक सांगत होते आणि सूचनापुस्तक दुसरे. पुस्तकात चालकाने सतत सावध राहावे असे लिहिलेले, नावात 'संपूर्ण'. कॅलिफोर्नियाने २०२२ साली असल्या फसव्या नामकरणाला बंदी घालणारा कायदा केला, तो २०२३च्या जानेवारीपासून लागू झाला. २०२४ साली कंपनीने त्या 'संपूर्ण'च्या शेपटीला कंसात 'सुपरव्हाइज्ड' हे विशेषण जोडले. संपूर्ण स्वयंचालन, पण देखरेखीखाली! व्याकरणाच्या तासाला कोणी विद्यार्थ्याने असला विशेषणव्यवहार केला असता तर आपण त्याला उभे केले असते. फ्लोरिडात २०१९ साली झालेल्या एका प्राणघातक अपघाताच्या खटल्यात मायामीच्या ज्यूरीने ऑगस्ट २०२५मध्ये ह्या कंपनीला ३३ टक्के दोषी धरले आणि सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर तिच्या अंगावर टाकले. चालक खाली पडलेला फोन शोधत होता, आणि चूक त्याचीही होतीच. पण आपली नजर क्षणभर हटली तरी चालेल असे माणसाला वाटू लागते, ते कुठल्या तरी शब्दांमुळेच, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे हा खेळ जुन्या गाडीच्या बाजारात अधिक क्रूर होतो, कारण तिथे सूचनापुस्तकही बहुधा हरवलेले असते. नवी गाडी घेणाऱ्यास कंपनीचा माणूस अर्धा-पाऊण तास शेजारी बसून बटणे समजावतो. दुसऱ्या मालकास किल्ली मिळते. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात. त्यांत इंजिन-चासीचे क्रमांक असतात, पण समोरच्या काचेमागे एक कॅमेरा आहे आणि तो कधी बिघडला होता काय, हे विचारणारा रकाना कुठेही नाही. पहिल्या मालकाचे मोबाइलवरचे खाते गाडीशी जोडलेले राहिले तर आपली गाडी कुठे उभी आहे हे तो घरबसल्या पाहू शकतो. आमच्या गाडीचे ते खाते तोडायला पंधरा दिवस गेले. आणि काही कंपन्या बॅटरीस 'आजीवन' हमी देतात, ती पहिल्या नोंदणीकृत मालकापुरती. गाडी विकली की आजीवनाची वर्षे मोजली जाऊ लागतात. आजीवन म्हणजे कोणाचे जीवन? गाडीचे, बॅटरीचे, की पहिल्या धन्याचे? 'आ' हा उपसर्ग मर्यादा दाखवतो हे आपण शिकवतो. इथे ती मर्यादा दुसऱ्या माणसाच्या दारापर्यंत येऊन थांबते.

विक्रेत्याने आणखी एक गोष्ट कौतुकाने सांगितली होती : "काच नवीन टाकलीय सर, एकदम चकाचक." आम्ही खूश झालो. त्या काचेमागचा कॅमेरा काच बदलल्यावर पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, न जुळवला तर रस्त्यावरचे पट्टे त्याला आहेत तिथे दिसतीलच असे नाही, हे आम्हांस पुढे दीड महिन्याने कळले. ते कंपनीच्या इंग्रजी पुस्तकात, तीनशे पानांच्या पलीकडे, बारीक अक्षरांत होते. वाचन हाच ज्यांचा धंदा त्यांनी पुस्तक खरेदीनंतर वाचावे, ही आमची चूक आम्ही कबूल करतो.

पण ती गाडी आम्ही क्वचित चालवतो. ती चालवतात ते गृहस्थ पूर्वी मालट्रकवर होते. तीस वर्षांत एक ओरखडा नाही. घरात सगळे त्यांना मामा म्हणतात. रोज मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. इंग्रजी वाचता येत नाही. एका संध्याकाळी आईला घरी सोडून ते म्हणाले, "सर, गाडी आडवं जातीय. मी उजवीकडं घ्यालोय, ती डावीकडं वढतीय. स्टेअरिंगमंदी काय तरी हाय." त्यांनी स्वतःच्या खिशातून आठशे रुपये घालून रस्त्यावरच्या गॅरेजात अलाइनमेंटही करून घेतले होते. फरक पडला नव्हता. खंबाटकीच्या अलीकडे रस्त्याचे काम चालू होते, जुने पांढरे पट्टे अर्धवट खोडलेले, नवे पिवळे त्यांना छेदून गेलेले. ती यंत्रणा चालू होती, आणि ती जुन्या पट्ट्यांच्या बाजूने स्टेअरिंग ओढत होती. मामांच्या मनगटात जोर होता आणि झोप नव्हती, म्हणून मागे बसलेल्या आईला काही कळले नाही. पडद्यावर लाल अक्षरांत काहीतरी येत होते, ते त्यांना वाचता येत नव्हते.

आम्ही त्यांना सारे समजावले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी सर, गाडीत आनखी एक डायवर हाय, आन मला कुनी सांगितलं न्हाई."

सूचनापुस्तकात जागोजागी लिहिले आहे की सर्व परिस्थितीत जबाबदारी चालकाची. ज्याच्यावर जबाबदारी टाकली त्याला न येणाऱ्या भाषेत ती टाकली आहे. ह्याला आम्ही सूचना म्हणत नाही. कंपनीने उद्याच्या कोर्टासाठी केलेली ती आजची तरतूद आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ह्याच्या कलम ८४मध्ये योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा अयोग्य वापराविषयीचा इशारा नसणे हेही निर्मात्याच्या उत्तरदायित्वाचे एक कारण सांगितले आहे. म्हणजे वाक्याचा अभाव हा वस्तूचा दोष ठरू शकतो, हे कायद्याने मान्य केले. साहित्याच्या अभ्यासकाने ज्याला हात जोडावेत असे हे कलम आहे. 'पुरेशा' ह्या शब्दाचा अर्थ लावताना वाचक कोण हा प्रश्न येणारच. आणि तो प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याइतका कोणाला आहे?

आणि आता आमचा मुख्य आरोप. आपण 'अभिप्रेत वाचक' ही संकल्पना वर्गात शिकवतो, तिच्यावर चर्चासत्रे घेतो, प्रबंध लिहून घेतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले, आम्हीही वाटले. पण सूचनापुस्तकाचा अभिप्रेत वाचक मामा का नसावेत, हा प्रश्न आपल्या कोणाच्या मनात आला नाही. 'व्यावहारिक मराठी'च्या ज्या अभ्यासपत्रिका आम्ही वर्षानुवर्षे शिकवल्या, त्यांत जाहिरातलेखन होते, वृत्तलेखन होते, इतिवृत्त होते. इशारा कसा लिहावा हे नव्हते. आपण विद्यार्थ्यांना 'निवांत' लिहायला शिकवले आणि 'सावध' लिहायला शिकवायचे राहून गेले. दालनातला तो नम्र तरुण कदाचित आपल्यापैकीच कोणाच्या तरी वर्गातून गेलेला असेल.

ह्यावर आमचे एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले की हे परिभाषेचे काम आहे, ते भाषा संचालनालयाकडे सोपवावे. ह्याच समजुतीने आपला घात केला आहे. परिभाषाकोशांविषयी आम्हांस आदर आहे. पण उद्या कोणी 'मार्गिकाधारण साहाय्य प्रणाली' असा शब्द घडवला तर मामांना तो इंग्रजीइतकाच परका राहील. 'लेन', 'ब्रेक', 'कॅमेरा', 'सेन्सर' हे शब्द त्यांच्या तोंडात आहेतच. वाण आहे ती वाक्याची. 'पट्टे पुसट असतील किंवा रस्त्याचे काम चालू असेल तर हे बटण बंद करा' हे वाक्य लिहायला कोश लागत नाही. ते लिहिण्यासाठी गाडीत बसावे लागते आणि ते ज्याला वाचायचे आहे त्याला आधी वाचून दाखवावे लागते. ह्या दोन्ही गोष्टी आपल्याला कमीपणाच्या वाटतात.

दुसरा आक्षेप असा की हे श्रीमंतांचे दुखणे आहे. काल होते. जुन्या गाड्यांचा बाजार त्यासाठीच असतो की काल दहा जणांना परवडलेली वस्तू आज शंभरांच्या दारात जाते. आज नव्याने विकल्या जाणाऱ्या ह्या गाड्या चार-पाच वर्षांनी तालुक्याच्या गावी भाड्याने फिरतील, तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे, पुट्टी भरून रंगवलेल्या बंपरांसह. त्या बंपरमागे रडार असतो आणि जाड थर चढला तर त्याला नीट दिसत नाही, हे रंगाऱ्याला कोण सांगणार? त्या गाड्यांत वऱ्हाडे बसतील, शाळेची मुले बसतील.

आमच्या विभागातल्या चार विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही आमच्याच गाडीच्या सूचनांची मराठी टाचणे करायला घेतली आहेत. दोन महिन्यांत साडेचार पाने झाली. काम फार कठीण आहे. कादंबरीचे परीक्षण ह्याहून सोपे. कॅमेरा आता जुळवून घेतला आहे. मामा प्रत्येक वाक्य ऐकतात आणि बहुतेक वाक्ये नापास करतात. गेल्या रविवारी 'पुढील वाहन स्थिर असल्यास यंत्रणा प्रतिसाद देईलच असे नाही' हे वाक्य त्यांनी परत पाठवले. त्यांनी सुचवलेले वाक्य आम्ही तसेच ठेवले आहे : 'म्होरं ट्रक उभा आसंल तर गाडीला तो दिसंलच आसं धरू नका. ब्रेक तुम्हीच मारा.'