सेवेच्या नावाखाली वेठबिगारी!



दरवर्षी १० ऑक्टोबर उजाडला की जागतिक मानसिक आरोग्य दिनाचे फलक लागतात, भाषणे झडतात, 'मन मोकळे करा' असा उपदेश होतो. परंतु हे मोकळे झालेले मन ज्याने ऐकून घ्यायचे, तो कर्मचारी कोणत्या अवस्थेत राबतो, याबद्दल व्यासपीठावरून चकार शब्द निघत नाही. आम्ही तोच प्रश्न येथे विचारीत आहोत.

आकडे सरकारदरबारचेच आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढ मानसिक विकाराने ग्रस्त आढळले. विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. २०२३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने नमूद केले की, एक लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञ अवघे ०.७५ आहेत, हवेत ३. म्हणजे चौघांचे काम एकाच्या अंगावर! शेजारची बीट रिकामी राहिली की ते टपाल कोणाच्या झोळीत पडते, हे पोस्टमन बांधवांना सांगायला नको. येथे एकाच्या झोळीत चार बीटांचे टपाल आहे, आणि ते टपाल म्हणजे जिवंत माणसे आहेत.

अशा कामात समाधान कोठून येणार? रुग्णाची कहाणी ऐकून हे कर्मचारी खचतात, असे म्हणणारे अर्धसत्य सांगतात. ऐकणे हेच त्यांचे शिक्षण आहे. माणूस खचतो तो काम नीट करण्याची विद्या हाती असून वेळ नसल्यामुळे. रांग संपवायची म्हणून रडणाऱ्या माणसाला मध्येच थांबवावे लागते, ते शल्य घरापर्यंत सोबत येते.

यावर प्रशासनाचा उतारा काय? तणावमुक्तीचे शिबिर! चौघांचा बोजा वाहणाऱ्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगायचे, आणि त्याने तक्रार केली की 'सेवाभाव कमी पडतो' म्हणायचे. १९७४ च्या संपात लोको कर्मचाऱ्यांनी आठ तासांची ड्युटी मागितली, तेव्हा आपल्यालाही देशसेवेचेच धडे दिले गेले होते. सेवा हा शब्द मोठा आहे. पण रिक्त जागा झाकायला त्याची चादर करू देणार नाही!

दुसरे दुखणे कंत्राटाचे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका असे पथक कागदावर आहे. प्रत्यक्षात यातील असंख्य जागा कंत्राटी आहेत. करार संपला की समुपदेशक जातो आणि रुग्णाला आपले दुःख नव्या माणसापुढे पहिल्यापासून मांडावे लागते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो. मध्यरात्री जीव द्यायला निघालेल्याला जो धीर देतो, त्याच्या स्वतःच्या नोकरीला आधार नको काय?

हा प्रश्न परक्यांचा नाही. गाडीखाली माणूस आला की इंजिनावरच्या आपल्या साथीला रात्र रात्र झोप लागत नाही. त्याला ज्याच्याकडे पाठवायचे, तोच थकून गेलेला असेल तर? त्याची ड्युटी हा आपल्याही सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत :

१. सर्व मंजूर पदे ताबडतोब भरा आणि रुग्णसंख्येच्या प्रमाणात नवी पदे निर्माण करा.

२. कंत्राटी कर्मचाऱ्यांना कायम करा. तोवर सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१६ च्या निकालाप्रमाणे समान कामाला समान वेतन द्या.

३. ड्युटीचे तास, साप्ताहिक सुटी आणि एका कर्मचाऱ्यामागील रुग्णांची मर्यादा ठरवून द्या.

आपल्या शाखासभांत हे ठराव मांडा. या कर्मचाऱ्यांच्या संघटनांना हाक द्या. मनाचे आरोग्य उपदेशाने राखले जात नाही, साथींनो. ते मस्टरवरच्या पुरेशा माणसांनी राखले जाते.

कामगार एकजुटीचा विजय असो!