फियाट आणि पळस

गाडी विकायची, हे घरात ठरले. फक्त तिचा एक फोटो काढायचा राहिला होता. वडील म्हणाले, "फाल्गुनात पेडगावला जाऊ. पळसाखाली काढू." परभणीजवळचे पेडगाव हे आमचे गाव, गाडीने पहिला लांबचा प्रवास केला तो तिथलाच.

घरात ती 'फियाट'च; कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली आणि पुढे सत्तरच्या दशकात तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर गेली, तेव्हा वडील दिवसभर गप्प होते.

बांधावरचा पळस ऐन बहरात होता. पान एक नाही, नुसती केशरी फुले. पण भर दुपारी फोटो घ्यावा, तर बोनेटवर उन्हाचा डाग आणि फुले फिकी. मुलगी म्हणाली, "आजोबा, ऊन उतरू द्या." थांबलो. सूर्य कलला तशी फुले मागून उजळली आणि निळ्या बोनेटवर अख्खे झाड उतरले.

वडील मात्र गाडीपुढून हलेनात; फडक्याने धूळ पुसत राहिले. मुलीने तसाच फोटो घेतला.

या दिवाळीत तो भिंतीवर लागला. गाडी त्यात अर्धीच दिसते. पळस पुढच्या फाल्गुनातही फुलेल. गाडी केव्हाच गेली. वडिलांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि एवढेच विचारले, "फडके दिलेस ना रे त्यांना, गाडीबरोबर?"