परस्पर दिलेली संमती : लिनक्स वितरणे आणि प्रायोगिक सुविधा

हजारो स्वतंत्र प्रकल्पांचे सॉफ्टवेअर एकत्र आणून, ते बांधून व तपासून ‘पॅकेज’ या तयार स्वरूपात वापरकर्त्याच्या संगणकापर्यंत पोहोचवणाऱ्या व्यवस्थेस लिनक्स वितरण म्हणतात. डेबियन, फेडोरा व आर्च ही त्याची परिचित उदाहरणे होत. मूळ प्रकल्पाने एखादी सुविधा ‘प्रायोगिक’ ठरवून बंद ठेवली असता वितरकाने ती सर्वांसाठी सरसकट चालू करावी काय, या प्रश्नाला या पत्रकाचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे.

इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणाऱ्या ‘कर्ल’ या प्रकल्पाने प्रायोगिक सुविधेचा अर्थ लेखी सांगून ठेवला आहे : ती बांधणीच्या वेळी मुद्दाम मागावी लागते, प्रत्यक्ष कामकाजात तिचा वापर करू नये असा कडक सल्ला दिलेला असतो, आणि तिचे वर्तन पूर्वसुसंगती न पाळता बदलण्याचा हक्क प्रकल्प स्वतःकडे राखतो. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते व पुढे सुमारे पाच वर्षे सांभाळली जाते. त्यामुळे मूळ लेखकांनी कच्चा म्हणून सोडलेला आराखडा तिच्यात शिरला, तर लेखकांनी तो केव्हाच मोडीत काढला असला तरी वापरकर्त्याच्या यंत्रावर तो वर्षानुवर्षे गोठून राहतो. शिवाय डेबियनच्या पायावर उबुंटू उभे आहे आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेचे ‘बॉस’ हे वितरणही; त्यामुळे एका पॅकेजकाराचा निर्णय असा खाली झिरपत जातो.

हा धोका काल्पनिक नाही. २००० साली रेड हॅट कंपनीने आपल्या लिनक्सच्या ७.० या आवृत्तीत जीसीसी या कंपायलरची, म्हणजे मानवी संहितेचे यंत्राज्ञांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमची, विकासाधीन प्रत ‘२.९६’ या क्रमांकाने दिली. जीसीसीच्या सुकाणू समितीला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जाहीर करावे लागले की, असे कोणतेही अधिकृत प्रकाशन अस्तित्वातच नाही. त्या प्रतीने बांधलेले सी++ प्रोग्रॅम ना आधीच्या २.९५ शी जुळत, ना पुढे आलेल्या ३.० शी. कंपनीजवळ कारणे होती, आणि ती अगदीच पोकळ नव्हती. परंतु निर्णय एकाचा आणि तक्रारी झेलणारे दुसरेच, हा प्रकार कोणत्याही कारणाने न्याय्य ठरत नाही.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. काही प्रकल्प हा शिक्का काढण्याचे नावच घेत नाहीत : ‘निक्स’ या पॅकेज-व्यवस्थापकातील ‘फ्लेक्स’ ही सुविधा २०२१ च्या २.४ या आवृत्तीत प्रायोगिक म्हणून आली आणि असंख्य लोक तिच्यावर रोजचे काम करू लागले, तरी वर्षे लोटली आणि शिक्का जागच्या जागी राहिला. हा दोष मूळ प्रकल्पाचा आहे, आणि त्याबद्दल जाब त्यालाच विचारला पाहिजे. वितरकांनी शिक्का परस्पर धाब्यावर बसवल्यास काय होते, हे लिनक्सचा गाभा असलेल्या ‘कर्नल’ने पाहिले आहे : तेथील ‘एक्सपेरिमेंटल’ हा बांधणी-पर्याय जवळपास सर्वत्र चालूच ठेवला जाऊ लागल्याने इतका निरर्थक झाला की २०१२-१३ च्या सुमारास तो काढूनच टाकावा लागला. इशारा देणारी पाटीच गेली.

चाचणी व्हावी, यात वाद नाही. पण चाचणीला बसणाऱ्याला आपण चाचणीला बसलो आहोत हे ठाऊक असले पाहिजे. ब्लूटूथ सांभाळणाऱ्या ‘ब्लूझी’मध्ये मेन-कॉन्फ या फाइलीतील ‘एक्सपेरिमेंटल’ या ओळीपुढे ‘फॉल्स’च्या जागी ‘ट्रू’ लिहिले की प्रायोगिक भाग सुरू होतो, आणि हेडफोनची बॅटरी किती उरली हे पाहण्यासाठी अनेकांनी हा बदल स्वतःच्या हाताने, समजून-उमजून केलेला आहे. जेथे अशी कळ उपलब्ध आहे तेथे वितरकाने ती बंदच ठेवावी. जेथे सुविधा केवळ बांधणीच्या वेळीच घालता येते तेथे, नावातच ‘प्रायोगिक’ असा उल्लेख असलेले वेगळे पॅकेज द्यावे. सर्व वितरणांच्या पॅकेजकारांनी हा नियम आपल्या धोरणात लेखी नोंदवावा, आणि वापरकर्त्यांनी आपापल्या वितरणाकडे तशी मागणी करावी, असे आवाहन या पत्रकाद्वारे करण्यात येत आहे.