टिळकांचे पंचांग की टिळकांचा हेतू?

आजचा धागा लढायांचा नाही, तिथींचा आहे. तरीही वाद तितकाच जुना आणि तितकाच चिवट. निमित्त रहिमतपूरच्या एका घराचे. त्या घरात तीन पिढ्या टिळक पंचांग चालत आले, नव्या पिढीने मात्र भिंतीवर नेहमीची दिनदर्शिका टांगली, आणि आता घरचा गणपती कोणत्या पंचांगाने बसवायचा यावर थोरले आणि धाकटे यांचे जुळेना. थोरले म्हणतात, ‘परंपरा मोडू नका.’ धाकटे म्हणतात, ‘शास्त्रशुद्ध तेच पाळा.’ माझे म्हणणे असे की दोन्ही पक्ष ज्या शब्दांच्या आधारे भांडत आहेत, ते शब्दच इतिहासाला धरून नाहीत.

प्रथम ‘परंपरा’ या शब्दाकडे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातील पंचांगे मुख्यतः ‘ग्रहलाघव’ या करणग्रंथावरून होत. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० मध्ये रचला. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हे स्वतः वेध घेणारे ज्योतिषी होते, आणि जुन्या ग्रंथांतील गणित आकाशाशी जुळेना म्हणून या पितापुत्रांनी ते दुरुस्त केले. म्हणजे ज्याला आपले पणजोबा सनातन समजत होते तेही एका काळी ‘नवे पंचांग’च होते. साडेतीन शतकांनी त्या दुरुस्तीतही अंतर पडले. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि पुढे आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नवे पंचांग काढले. ‘पटवर्धनी’ म्हणून ओळखले जाणारे हे पंचांग आजच्या टिळक पंचांगाचे पूर्वज होय. सनातनी मंडळींनी त्याला कडाडून विरोध केला. थोरल्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे: आज ज्याच्या नावाने परंपरेची शपथ घेतली जाते, ते पंचांग परंपरा मोडण्याच्या आरोपातूनच जन्माला आले.

विरोधाचे कारण क्षुल्लक नव्हते. ‘बाणवृद्धी रसक्षय’ असा जुना संकेत होता. बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा. तिथी फार तर ६५ घटींपर्यंत वाढावी, फार तर ५४ घटींपर्यंत घटावी. एकादशी केव्हा धरावी, श्राद्ध कोणत्या दिवशी करावे, याचे निर्णय या मर्यादेच्या आधारे बसविलेले. पण खरा चंद्र ही मर्यादा पाळत नाही. प्रत्यक्ष आकाशातील तिथी सुमारे ६७ घटींपर्यंत लांबते आणि ५० घटींपर्यंत आखूड होते. मग चंद्राने शास्त्र पाळावे की शास्त्राने चंद्र पाहावा? वाद पुढे गेला तो ग्रहणांमुळे. ग्रहण लागलेले सर्वांना दिसते, आणि जुन्या गणिताने दिलेली वेळ चुकली तर तेही सर्वांना दिसते. आज टिळक आणि दाते ही दोन्ही पंचांगे दृक्प्रत्ययी आहेत. त्या लढाईत सुधारक जिंकले, इतके पूर्ण की लढाई झाली होती हेच घराघरांत विसरले गेले.

आता धाकट्यांच्या ‘शास्त्रशुद्ध’ या शब्दाकडे वळू. टिळक पंचांग चुकीचे आणि दुसरे अचूक, हा समज निराधार आहे. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतराचे माप. राशिचक्राचा आरंभ कोठे मानला यावर ती मुळीच अवलंबून नाही. दोन्ही पंचांगांतील चतुर्थी एकच असते. भेद आहे तो आरंभबिंदूचा. एका पक्षाने रेवतीचा योगतारा धरला, दुसऱ्याने चित्रेचा तारा समोरच्या टोकाला, १८० अंशांवर ठेवून आरंभ काढला. दुसऱ्या पक्षाचे मोठे गणिती म्हणजे बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर. गंमत अशी की सूर्यसिद्धान्त दोन्ही पक्षांना आधार देतो: त्यात चित्रेचा भोग १८० अंश आहे आणि रेवतीचा ३५९ अंश ५० कला. पण आकाशात हे दोन तारे तसे समोरासमोर नाहीत. जवळजवळ चार अंशांची तफावत राहते. एकाला मान दिला की दुसरा दुखावतो. (रेवतीचा तो तारा नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतो, चित्रा लखलखते, पण तेजावरून अधिकार ठरत नाही.)

या चार अंशांमुळे टिळक पंचांगाची प्रत्येक संक्रांत सुमारे चार दिवस आधी येते. मकरसंक्रांत तेथे १० जानेवारीच्या आसपास असते. ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक मास. म्हणून चार दिवसांच्या फरकाने एखाद्या वर्षी अधिक मासच बदलतो. २०१२ चे उदाहरण पाहा. १७ ऑगस्टच्या अमावास्येपासून १६ सप्टेंबरच्या अमावास्येपर्यंत चित्रापक्षाने संक्रांत नव्हती; कन्या संक्रांत अमावास्या संपल्यावर काही तासांनी लागली. म्हणून तो अधिक भाद्रपद, आणि गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला. रेवतीपक्षाने तीच संक्रांत चार दिवस आधी, म्हणजे महिन्याच्या आत. म्हणून तो निज भाद्रपद, आणि गणपती ऑगस्टमध्येच. चंद्र तोच, चतुर्थीचे गणित तेच, फक्त महिन्याचे नाव वेगळे. यात कोणाचे गणित चुकले? कोणाचेच नाही. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने चित्रापक्ष स्वीकारला आणि १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. पण तो देशाच्या सोयीचा निर्णय होता. त्याने रेवतीपक्ष खोटा ठरत नाही.

मग निवड कशावरून करावी? येथे मला टिळकांनाच साक्षीला बोलवायचे आहे. १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये त्यांनी मांडले ते हे की वसंतसंपात सरकत गेला तसतशी वैदिक लोकांनी वर्षारंभाची गणना बदलली. असा विचार करणारा माणूस पंचांगाला अचल मानणे शक्य नाही. १९०४ मध्ये मुंबईस, १९१७ मध्ये पुण्यास आणि १९२० मध्ये सांगलीस ज्योतिष्यांची संमेलने भरली. सांगली म्हणजे रहिमतपूरहून मिरजेच्या लोहमार्गाने खाली उतरले की आलेच. हा आपल्याच मुलखाचा इतिहास आहे. या संमेलनांचा हेतू टिळकांच्या नावाचा एक निराळा पंथ काढणे हा नव्हता. गावोगावच्या पंचांगांतील गोंधळ मिटावा, सर्वांचे सण एका दिवशी यावेत, हा होता. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले. पुढे बहुसंख्य समाज चित्रापक्षाकडे वळला आणि एकवाक्यतेसाठी सुचविलेले पंचांगच वेगळेपणाची खूण होऊन बसले. टिळकांचे नाव राहिले, त्यांचा हेतू मात्र मागे पडला, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

म्हणून माझा कौल धाकट्यांच्या बाजूने आहे, पण त्यांच्या कारणाने नाही. ज्या माणसाने गणपती घरातून चौकात आणला, त्याच्या नावाखाली चौकाच्या आधी महिनाभर दार लावून आरती करणे मला विसंगत वाटते. घराचा सण गावाच्या सणाबरोबर यावा, एवढेच माझे कारण. ज्या घरांना आपला कुलाचार सोडवत नाही त्यांच्याविषयी मला आदर आहे, मात्र त्यांनी तो पुरता पाळावा. गणपतीला टिळक पंचांग आणि तिळगूळ चौदा जानेवारीला, ही निष्ठा नव्हे, ही सोय झाली.

असा पेच केवळ आपल्याकडेच पडतो असेही नाही. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांच्या सुधारणेने ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. १९६९ च्या सुधारित कॅथलिक दिनदर्शिकेत संत थॉमसचा सण २१ डिसेंबरवरून ३ जुलैला गेला, आणि ज्या कुटुंबांत त्या संताच्या नावाची माणसे होती त्यांना नामदिन कोणता धरायचा हे ठरवावे लागले. आणि आपण? १९ फेब्रुवारी १६३० ही शिवजन्माची तारीख ज्युलियन गणनेची आहे. ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च येतो. ‘तारीखच खरी, तिथी जुनाट’ असे ठासून सांगणाऱ्या मित्रांनी यावर जरूर विचार करावा.

रहिमतपूरच्या त्या घराला एक व्यावहारिक सूचना. बहुतेक वर्षी दोन्ही पंचांगांचा भाद्रपद एकच असतो, तेव्हा दरवर्षी भांडायचे कारण नाही. ज्या वर्षी अधिक मास असेल त्या वर्षी पाडव्यालाच दोन्ही पंचांगे शेजारी उघडावीत, अमावास्या आणि संक्रांत कोठे पडते ते मुलांकडून शोधून घ्यावे, आणि निर्णय तेव्हाच सर्वांसमक्ष करावा. मूर्तिकाराला सांगायला मग पुरेसा अवधी राहतो.