बी रुजतं, नियम आडवे येतात

न्यू जर्सी किंवा इलिनॉयच्या उपनगरांत सप्टेंबर सरताना लोक बागा आवरायला घेतात. नेमका तेव्हाच न्यू इंग्लंड ॲस्टरचा बहर सुरू होतो: जांभळ्या पाकळ्या, मधे पिवळा गोंडा. (दादरच्या बाजारात मिळतं ते ॲस्टर मूळचं चीनचं, त्याचा इथे संबंध नाही.)

हा उशिराचा बहर फार मोलाचा आहे. मेक्सिकोकडे निघालेली मोनार्क फुलपाखरं वाटेत त्यावर उतरतात. बंबलबीच्या वसाहतीतल्या बाकी माश्या थंडीत मरतात, फक्त नव्या राण्या जमिनीत दडून वसंत गाठतात आणि त्याआधी या फुलांवर चरबी साठवतात. अँड्रेना ॲस्टेरिस नावाची मातीत बीळ करणारी माशी तर पिल्लांसाठी मुख्यतः ॲस्टरचाच पराग नेते.

अशी झाडं नर्सरीतून आणण्यापेक्षा बियांपासून वाढवावीत. एकाच जातिवंत रोपाच्या कलमांनी बाग भरली, तर सगळी झाडं आतून एकच असतात. हे ॲस्टर स्वतःच्या परागावर सहसा बी धरत नाही, मग गोल्डफिंच पक्ष्यांनी हिवाळ्यात टिपायचं काय? बियांपासून आलेलं प्रत्येक रोप वेगळं असतं.

आणि कृती अगदी सोपी. फुलं वाळून त्यांना म्हातारी सुटली की बी गोळा करायचं. डिसेंबरात दुधाचा प्लास्टिकचा कॅन आडवा कापून तळाला भोकं पाडायची, ओली माती भरायची, वर बी पसरून हलकेच दाबायचं. पुरायचं नाही, त्याला उजेड लागतो. वरचा भाग परत बसवून, टोपण काढून कॅन उघड्यावर ठेवायचा आणि बर्फ पडू द्यायचा. ओल्या थंडीचे काही आठवडे मिळाले की बियांची झोप मोडते आणि वसंतात कोंब दिसतात. कढीपत्त्याची कुंडी हिवाळाभर घरात जपणाऱ्या तिथल्या मराठी घरांना हे लाड न करणं जरा जडच जाईल!

खरी अडचण वसाहतींच्या नियमांची आहे. नासाच्या मदतीने झालेल्या 2005च्या अभ्यासात अमेरिकेतल्या हिरवळीचा अंदाज सुमारे 1,63,000 चौरस किलोमीटर निघाला, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. ती कातरलेली नसली की रहिवासी संघाची नोटीस येते. मेरीलँडमधल्या कोलंबियात एका घराच्या देशी झाडांवरून असा वाद पेटला आणि 2021मध्ये राज्याने कायदाच केला: अशा बागांवर संघांना सरसकट बंदी घालता येणार नाही. इलिनॉयनेही 2024मध्ये तसाच कायदा आणला. बाकीच्या राज्यांनी वाट कसली पाहायची?

शेजाऱ्यांची तक्रार मात्र अगदीच खोटी नसते. बाग कुणी जाणूनबुजून राखली आहे की नुसतीच माजली आहे, हे रस्त्यावरून कळायला हवं, असं लँडस्केप आर्किटेक्ट जोन नॅसॉवर यांनी 1995मध्येच मांडलं होतं. त्यामुळे वाळलेल्या काड्या वसंतापर्यंत ठेवाव्यात, कारण काही माश्या त्यांत घर करतात, पण रस्त्याकडची कडा कापलेली हवी. न्यू इंग्लंड ॲस्टर सहा फुटांपर्यंत वाढून फुटपाथवर लोळतं. जूनमध्ये ते निम्म्यावर छाटलं की बुटकं आणि दाट होतं, आणि फुलंही भरपूर धरतं.