हलता प्रिंटर

वीज जाऊन परत आली की अनेक कार्यालयांत प्रिंटर ‘ऑफलाइन’ होतो. हिरवा दिवा लागलेला, ट्रेमध्ये कागद, टोनर नवा. पत्र मात्र निघत नाही. मग कोणी केबल उपसून पुन्हा खोचतो, कोणी ड्रायव्हर नव्याने टाकतो, आणि संगणकावर ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ अशी प्रिंटरची वंशावळ वाढत जाते. देखभालीचा माणूस येतो, चिकटपट्टीवर पेनाने आयपी पत्ता लिहून जातो. पुढच्या वेळी वीज जाईपर्यंत तो खरा असतो.

दोष बहुधा यंत्राचा नसतोच.

नेटवर्कवर पत्ते आपोआप वाटणाऱ्या डीएचसीपीची पहिली आवृत्ती १९९३ सालची. हे पत्ते मिळतात मुदतीवर, भाडेकराराने. लॅपटॉपला त्याचं काही वाटत नाही, कारण तो स्वतःच इतरांकडे जातो. प्रिंटरकडे मात्र इतरांनी यायचं असतं. संगणकात १९२.१६८.१.५० हा पत्ता आणि ९१०० हा पोर्ट एकदाच नोंदवलेला. आणि वीज परतल्यावर राउटरने नव्या वाटपात प्रिंटरला ५७ दिला, तर सगळं कार्यालय ५० चं दार ठोठावत बसतं. तिथे एव्हाना कोणाचा तरी मोबाइल राहायला आलेला असतो.

पूर्वी तऱ्हा आणखी मजेशीर होती. प्रिंटर नेटवर्कला जोडणाऱ्या एचपीच्या जुन्या जेटडायरेक्ट कार्डांना पत्ता देणारं कोणी भेटलं नाही, तर ती सरळ १९२.०.०.१९२ हा पत्ता घेत. सगळी तोच! मग कार्डाचा मॅक क्रमांक, म्हणजे त्याची कायमची ओळख, बघून संगणकावर तो पत्त्याशी जोडणारी ‘एआरपी’ची आज्ञा टंकायची, पिंग करायचं, तेव्हा कुठे कार्ड नवा पत्ता मान्य करी.

प्रिंटरमध्येच हाताने पत्ता भरून ठेवणं हा अर्धा उपाय. तो आकडा राउटरच्या वाटपाच्या टप्प्यात असेल, तर तोच दुसऱ्याला दिला जाण्याची भीती राहते, आणि मग दोघांचंही बिनसतं. राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक क्रमांकापुढे पत्ता राखून ठेवणं अधिक शहाणपणाचं. हा बारा अक्षरांचा क्रमांक बहुधा मागच्या लेबलवर छापलेला असतो. काम पाच मिनिटांचं.

तेव्हा तंत्रज्ञाला फोन लावण्यापूर्वी प्रिंटरच्या मेनूतून कॉन्फिगरेशन पान काढून पाहावं. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर प्रिंटरला पत्ता देणारं कोणी भेटलेलंच नाही. आधी केबल आणि राउटर तपासावा. ड्रायव्हरच्या वाटेला जाऊ नये.