पोरांना खरं सांगा

महाशिवरात्रीला माझ्या नववीतल्या पुतण्याने विचारलं, ‘काकी, शंकराला भांग चालते, मग गांजा का नाही?’ आजी म्हणाली, ‘गप बस.’ आमच्या गव्हाण गावात अशा प्रश्नांना हेच उत्तर मिळतं. मग पोरगं फाट्यावरच्या टोळक्याला विचारतं, आणि ते अगदी प्रेमाने समजावतात!

मी सांगितलं: झाड एकच. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने फुलोरा म्हणजे गांजा, आणि नुसतं पान त्या व्याख्येत येत नाही. म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. नशा मात्र पानातही असते. ‘एका झुरक्यात माणूस मरतो’ असलं काही मी बोलले नाही. झुरका मारूनही ठणठणीत असलेला मित्र त्याला उद्या भेटणारच, मग माझं बाकीचंही खोटं ठरेल. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, कोवळ्या वयात रोज ओढलं की स्मरणशक्ती, लक्ष ढासळतं, काहींना भास होतात, हे सांगितलं. नुसतं ओढल्यावरही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हेही.

आणि आम्ही आईबाप सहसा लपवतो ते: व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला, तर सेवनाच्या खटल्यातून सूट देणारं ६४-अ कलम याच कायद्यात आहे. पुण्यात अनिल आणि डॉ. सुनंदा अवचटांनी १९८६मध्ये ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभारलं. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

पुतण्याचा पुढचा प्रश्न होता, ‘मग काकांची दारू?’ काका लगेच पेपर वाचायला लागले.